तिसऱ्यांदा विचारलं असतं तर

पंधरा जानेवारीला सकाळी आर्व्हिड टोलेफसन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सरकारी विमा-बाजाराच्या कचेरीला फोन लावत होता आणि तो लागू नये अशी मनातल्या मनात आशा करत होता. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याने कुणाला त्रास दिला नव्हता, आणि अनोळखी माणसाला फोन करून काम सांगणं हा त्याच्या मते त्रासच होता. पण आज शेवटची तारीख होती. आज आरोग्यविम्याची योजना बदलली नाही, तर थेट पुढच्या वर्षीच बदलता येणार होती.

चूक त्याचीच होती. नोव्हेंबरात जुन्या विमा कंपनीने आपली योजना बंद केल्याचं पत्र धाडलं, तेव्हा तो गावच्या वाचनालयात गेला. तिथे सरकारी बाजारातून विमा निवडायला मदत करणाऱ्या बाई बसतात. त्यांनी पडद्यावर दहा-बारा योजना दाखवल्या. मागे रांग होती, लोक खोळंबले होते, म्हणून आर्व्हिडने झटपट निवड केली. एका कंपनीच्या पत्रकावर एक माणूस दोन्ही हातांत भलामोठा वॉलाय मासा धरून हसत उभा होता. ज्या कंपनीला वॉलाय कळतो तिला माणसंही कळत असणार, असा हिशेब करून त्याने बोट ठेवलं. आर्व्हिड होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायचा. त्याचा दुसरा कुठला हिशेब असणार?

आदल्या दिवशी गुडघ्यासाठी डॉ. ग्रोनवॉल्डांची वेळ घ्यायला गेला, तेव्हा तिथल्या मुलीने नवं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, की ही कंपनी आमच्याकडे चालत नाही. या कार्डावर चालणारा सर्वांत जवळचा डॉक्टर सत्तर मैलांवर होता.

डॉक्टर काय, छप्पन्न मिळतील. पण ग्रोनवॉल्ड त्याची भाषा जाणत होते. उत्तर विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात माणूस आनंदाने वेडा झाला तर "वाईट नाही" म्हणतो आणि मरायला टेकला तर "चालतंय" म्हणतो. चार वर्षांपूर्वी आर्व्हिड डॉक्टरांची दुरुस्त केलेली करवत परत द्यायला गेला होता. निघता निघता म्हणाला, सकाळपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, पण चालतंय. ग्रोनवॉल्डांनी करवत तिथेच बर्फात टाकली, त्याला गाडीत कोंबलं आणि लाल दिवे न बघता इस्पितळ गाठलं. म्हणून आर्व्हिड आज टेबलाशी बसून फोन लावत होता. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने "चालतंय? वा, छान" म्हणून हात हलवला असता, आणि गोष्ट तिथेच संपली असती. हे आर्व्हिडला पक्कं ठाऊक होतं आणि त्याला त्याची भीती वाटत होती.

फोन लागला. पलीकडे रोशेल नावाची बाई होती, कुठल्यातरी उबदार दक्षिणेकडची. आवाजात मध होता. तिने त्याचं नाव, जन्मतारीख विचारली, पाच मिनिटं खटखट केलं आणि सगळं शोधून काढलं.

"सापडली सर. डॉक्टर ग्रोनवॉल्ड आहेत या योजनेत. एक फेब्रुवारीपासून लागू होईल. करून देऊ बदल?"

इथे लिटल मूस लेक गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. त्या गावात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाहीच म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, तुमचा आग्रहच असेल तर" म्हणून घ्यायचं. कॉफी असो, केक असो, नाहीतर बर्फात रुतलेली गाडी ओढून देणं असो. देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून तो तीनदा विचारतोच. फार वर्षांपूर्वी रस्त्याच्या मोजणीला आलेल्या एका पाहुण्याने पहिल्याच विचारण्याला केक घेतला होता. त्याची आठवण गावात अजून काढतात.

तर रोशेलने विचारलं आणि आर्व्हिड सवयीने म्हणाला, "नको नको, तुम्ही कशाला एवढा खटाटोप करता."

"खटाटोप कसला सर, दोन मिनिटांचं काम आहे. करू ना?"

"राहू दे हो. आहे त्यात चालतंय."

एवढं म्हणून आर्व्हिड खुर्चीत सावरून बसला. "बरं, तुमचा आग्रहच असेल तर" हे शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते.

"ठीक आहे सर," रोशेल म्हणाली. "तुमची इच्छा. आहे तीच योजना चालू ठेवते. दिवस छान जावो."

फोन बंद झाला. आर्व्हिड त्या मुक्या फोनला अगदी सौजन्याने म्हणाला, "बरं, तुमचा आग्रहच असेल तर."

दुसऱ्या कुणीही तत्काळ पुन्हा फोन लावला असता. आर्व्हिडला वाटलं, बाई भली आहे, कामात असेल, मोकळी झाली की तिसऱ्यांदा विचारायला फोन करेलच. म्हणून तो दिवसभर फोनपाशी बसून राहिला. दुपारी गिऱ्हाईक इंजिन घेऊन आलं, त्याला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी कचेरी बंद व्हायची वेळ उलटली, तेव्हा कुठे त्याला शंका आली, की दक्षिणेत हिशेब दोनवरच थांबत असावा. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा फोन केला, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. या वेळी एक पुरुष होता. त्याने सहानुभूतीने सांगितलं, की मुदत काल संपली, आता आयुष्यात काही मोठा बदल झाला असेल तरच योजना बदलता येते. मग त्याने यादी वाचून दाखवली. घरात मूल जन्मलंय का? नाही. दुसऱ्या गावी राहायला गेलात का? नाही. तुरुंगातून सुटलात का? यावर आर्व्हिडने क्षणभर विचार केला, पण सुटण्यासाठी आधी आत जावं लागतं आणि त्यात बऱ्याच लोकांना त्रास होतो.

"लग्न?" त्या माणसाने विचारलं. "समजा, तुमचं लग्न झालं आणि बायकोची योजना आमच्याच बाजारातली असली, तर ती तुम्हाला आपल्या योजनेत घेऊ शकते."

आर्व्हिडने फोन खाली ठेवला आणि दहा मिनिटं खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यापलीकडे मार्लिस ओडेगार्डचं घर होतं. मार्लिस साठीची विधवा. घरी शिवणकाम करायची आणि शेजारच्या खानावळीला सफरचंदाचं सारण भरलेले 'पाय' भाजून द्यायची. तिचा विमा बाजारातलाच होता आणि तिच्या योजनेत ग्रोनवॉल्ड होते, हे आर्व्हिडला माहीत होतं. कारण नोव्हेंबरात ती वाचनालयात गेली, तेव्हा तिने आधी डॉक्टरांचं नाव विचारलं होतं आणि मग बोट ठेवलं होतं. तिला माशांचं वेड नव्हतं.

आता अडचण अशी, की आर्व्हिडने मार्लिसला आधीच दोनदा मागणी घातली होती. पहिल्यांदा नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा ती म्हणाली, अरे, मी कशाला, तुला माझ्याहून चांगली मिळेल. दुसऱ्यांदा सात वर्षांपूर्वी. तेव्हा म्हणाली, या वयात लोक काय म्हणतील. त्यानंतर आर्व्हिडने विषय काढला नाही. दर शुक्रवारी तो तिला तळलेल्या माशांच्या जेवणाला घेऊन जायचा, तिच्या अंगणातला बर्फ उपसायचा, आणि तेवढ्यावर सुखी होता. आता विम्यासाठी पुन्हा विचारायचं म्हणजे तिच्या तोंडावर तिचा अपमान करण्यासारखं होतं. पण न विचारावं, तर सत्तर मैलांवरचा तो अनोळखी डॉक्टर "चालतंय" ऐकून हात हलवत असल्याचं चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आणि गुडघाही रात्रंदिवस ठणकत होता.

शुक्रवार आला. खानावळीत नेहमीप्रमाणे गर्दी होती. मासे आले, बटाट्याची धिरडी आली, कोबीची कोशिंबीर आली. आर्व्हिडने लिंबू पिळून पिळून त्याची साल पांढरी केली तरी तोंडातून शब्द फुटेना. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नसतो, पण लपवल्याशिवाय राहवतही नाही.

"मार्लिस," तो शेवटी म्हणाला, "तुझ्या त्या विम्यात नवरा बसतो का?"

मार्लिसने काटा खाली ठेवला. "विम्यात बसतो. घरात कितपत बसेल ते बघावं लागेल. का?"

मग त्याने सगळं सांगून टाकलं. मासा, रोशेल, दोनदा नाही म्हणणं, दिवसभर वाट बघत बसणं. मार्लिस ऐकताना एकदाही हसली नाही. यात हसण्यासारखं तिला काही दिसलंच नाही. "तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणजे काय?" एवढंच ती म्हणाली. "कुठे वाढलीय ही बाई?"

"तर म्हणून विचारतोय," आर्व्हिड म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मला ठाऊक आहे, हे कारण काही बरं नाही. मला डॉक्टर पाहिजे, हे खरं आहे. आणि डॉक्टर नको असता तरी तू पाहिजेच होतीस, हेही खरं आहे. पण तू दोनदा नाही म्हणालीस, तेव्हा आताही तेच म्हण, मी काही मनाला लावून घेणार नाही. मासे संपवू आणि जाऊ." असं म्हणून त्याने नकाराच्या तयारीने टोपीसुद्धा चढवली.

"हो," मार्लिस म्हणाली.

"हो म्हणजे संपवू?"

"हो म्हणजे करू लग्न. टोपी काढ, लोक बघतायत." तिने पदर नसल्यामुळे हातरुमालानेच डोळे टिपले. "सात वर्षं, आर्व्हिड. सात वर्षं मी दर शुक्रवारी केस नीट करून बसते, की आज तरी हा तिसऱ्यांदा विचारेल. मला वाटलं, तुझं मन बदललं."

"अगं, कॉफी-केकचं वेगळं," आर्व्हिड गोंधळून म्हणाला. "लग्नाला बाईमाणूस नाही म्हणाली तर ते नाहीच, असं मी समजलो."

"बरोबर समजलास," मार्लिस म्हणाली. "पण चुकीच्या बाईच्या बाबतीत." आणि तिने त्याच्या ताटातला शेवटचा मासा उचलून स्वतःच्या ताटात घेतला. गेल्या नऊ वर्षांत तिने न विचारता घेतलेली ती पहिली गोष्ट होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याच्या कोर्टात लग्न झालं. आधीच्या दिवसांत मार्लिसने आर्व्हिडची तालीम घेतली होती. सरकारी माणसाने काही विचारलं की पहिल्या झटक्यात हो म्हणायचं, नकोबिको नाही. दुधाने तोंड पोळल्यामुळे आर्व्हिड आता ताकही फुंकून प्यायला लागला होता. न्यायाधीशबाई "आर्व्हिड टोलेफसन, तुम्ही या" इथपर्यंत आल्या असतील नसतील, तोच तो "हो" म्हणून मोकळा झाला. त्यांनी वाक्य पुन्हा सुरू केलं, तो पुन्हा हो म्हणाला. मार्लिसची पाळी आली तेव्हा मात्र ती जन्माची सवय विसरली नाही. "करते," ती म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना काही अडचण नसेल तर."

घरी येऊन कोटही न काढता दोघांनी विमा-बाजाराला फोन लावला. या वेळी कुणी तरुण मुलगा होता. मार्लिसने लग्नाचं सांगितलं, त्याने अभिनंदन केलं, कागद पाठवायला सांगितले. नवऱ्याला तुमच्या योजनेत घ्यायचं का, असं त्याने विचारलं. आर्व्हिड टेबलावर वाकून इतक्या मोठ्याने हो म्हणाला, की तो मुलगा दचकला. जुनी योजना बंद करायची? हो. पत्रं घरी पाठवायची? हो. मोबाइलवरही? हो. सेवेबद्दल वीस प्रश्न विचारायचे आहेत, वेळ आहे का? हो. मार्लिस टेबलाखालून त्याचा पाय दाबत होती, पण नेमका दुखऱ्या गुडघ्याचा, त्यामुळे तो अधिकच जोरात हो म्हणत होता. पत्रव्यवहार स्पॅनिशमध्ये हवा का? हो.

त्या आठवड्यापासून लिटल मूस लेकच्या टोलेफसन दांपत्याला सरकारकडून स्पॅनिशमध्ये पत्रं येऊ लागली. दोघांपैकी कुणीही फोन करून भाषा बदलून घेतली नाही. पाठवणाऱ्याने एवढं कष्टाने लिहिलं असेल, त्याला वाईट वाटायला नको. कार्ड मात्र नीट आलं. त्यावर आर्व्हिडचं नाव होतं आणि तारीख एक मार्च होती.

मार्चच्या पहिल्या सोमवारी आर्व्हिड ते कार्ड छातीशी धरून ग्रोनवॉल्डांच्या दवाखान्यात गेला. मार्लिसही बरोबर होती. तिथल्या मुलीने कार्ड पाहिलं, हसली, सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. आर्व्हिडला वाटलं, आपण जग जिंकलं.

इतक्यात खुद्द डॉ. ग्रोनवॉल्ड आतून आले. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात भिंतीवरचं घड्याळ, दोन चष्मे आणि लाकडी फळीवर ठोकलेला जुना मासा होता.

"डॉक्टर, कुठे निघालात?" आर्व्हिडने विचारलं.

"घरी," ग्रोनवॉल्ड म्हणाले. त्यांनी खोकं बाकावर ठेवलं आणि स्वतःही त्याच्या शेजारी बसले. "दवाखाना विकला गेला ना शरदात. नव्या मालकांनी जानेवारीत एक माणूस पाठवला, कुठलासा दक्षिणेकडचा. फार गोड बोलणारा. म्हणाला, डॉक्टर, अजून पाच वर्षं राहाल का? मी म्हटलं, छे, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला कशाला, एखाद्या तरुणाला द्या."

मार्लिसने डोळे मिटून घेतले.

"तो म्हणाला, नाही, तुम्हीच हवेत. मी म्हटलं, राहू द्या हो, तुमची उगाच गैरसोय." ग्रोनवॉल्डांनी खोक्यातल्या माशाकडे पाहिलं. "आणि मग तो म्हणाला, तुमच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. शुक्रवारी मला निरोपाचा केकसुद्धा दिला. तोही एकदाच विचारून."

"मग फोन करा की त्याला," आर्व्हिड म्हणाला.

"नको रे," ग्रोनवॉल्ड म्हणाले. "आता नवीन डॉक्टर आणलाय त्यांनी. कशाला कुणाला त्रास." त्यांनी आर्व्हिडच्या पाठीवर थाप मारली, मार्लिसला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या, खोकं उचललं आणि थंडीत बाहेर पडले. आर्व्हिडने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. ते बंद करावंसं त्याला वाटेना. एका डॉक्टरसाठी माणसाने लग्न करावं, सरकारला तीन फोन करावेत, स्पॅनिश पत्रं सोसावीत, आणि डॉक्टरने मासा काखोटीला मारून घरी जावं. त्याला खरोखर रडू येत होतं.

आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. नव्या डॉक्टर टेक्ससहून आल्या होत्या, नाव वास्केझ, वय तिशीच्या आसपास, चालणं-बोलणं सगळं भरभर. आर्व्हिड तपासणीच्या टेबलावर चढून बसला. मार्लिस कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास? आर्व्हिड म्हणाला, काही विशेष नाही, गुडघा जरा कुरकुरतो, पण चालतंय.

"छान," डॉक्टर म्हणाल्या.

आर्व्हिडने थंडगार पडलेल्या मनाने ओळखलं, की झालं, ज्याला आपण भीत होतो ते हेच.

डॉक्टरांनी लिहायला घेतलं. "एक ते दहामध्ये सांगा. एक म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य. तुमचं किती?"

"दोन," आर्व्हिड म्हणाला.

"आठ," कोपऱ्यातून मार्लिस म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मार्लिस पर्सची कडी घट्ट धरून बसली होती. "रात्री कूस बदलताना दात आवळतो," ती म्हणाली. "जिना चढताना शीळ घालतो, कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून. तीन आठवडे मी त्याच्या घरात आहे डॉक्टर, ती शीळ मला पाठ झालीय. आणि हा 'चालतंय' म्हणाला, की तुम्ही छान म्हणायचं नाही. ताबडतोब उठायचं."

डॉ. वास्केझनी दोन खोडून आठ लिहिलं. मग पेन तसंच धरून त्या थांबल्या आणि या वेळी जरा सावकाश विचारलं, "मिस्टर टोलेफसन, बरोबर आहे का?"

आर्व्हिडने आधी आपल्या बुटांकडे पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

"नऊ," तो म्हणाला.